जुन्या वस्तीची राखण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत वक्त्याने गत पन्नास वर्षांचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि पुढील पन्नास वर्षांकरिता आशीर्वाद मागून खाली बसावे, असा रिवाज आहे. आभाराचे काम आपले चिटणीस आमच्याहून अधिक चांगले करतील, आणि आढावा स्मरणिकेच्या इतर पानांत येणारच आहे. आम्हांस आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो धर्मगुरूच्या अधिकाराबाहेरचा आहे असे कित्येकांस वाटेल. जुन्या वस्त्या, त्यांतील घरे, गल्ल्या व ओटे यांची राखण कोणी करावी आणि कशी करावी, हा तो विषय होय. तो का निवडला हे भाषणाच्या उत्तरार्धात आपणांस कळेल. तूर्त इतकेच सांगतो की, आपल्या बांधकाम समितीपुढे एक नकाशा पडून आहे आणि पुढील महिन्यात त्यावर आपणां सर्वांस मत द्यावयाचे आहे. मत देण्यापूर्वी इतरांनी अशा प्रसंगी काय केले हे ऐकून घेणे बरे.

प्रथम मुंबईस जाऊ, आणि तेही एका ज्युबिलीच्याच निमित्ताने. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीस पन्नास वर्षे पूर्ण झाली. मुंबई, साष्टी व वसई या भागांतील मूळ रहिवासी असलेल्या मराठीभाषक कॅथोलिकांस त्या काळी पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणत. गोव्याहून नोकरीस आलेल्या कॅथोलिकांसही तेच नाव होते. आपण याच भूमीचे आहो हे सरकारच्या लक्षात यावे, म्हणून त्या ज्युबिलीच्या वर्षी येथील समाजाने ईस्ट इंडियन हे नाव धारण केले आणि त्याच नावाची संस्थाही स्थापन केली. भूमिपुत्र असल्याची खूण म्हणून एका परदेशी व्यापारी कंपनीचे नाव घ्यावे लागले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. असो. या समाजाची मुंबई शहरात जी थोडी जुनी वसतिस्थाने आज शिल्लक आहेत, त्यांत गिरगावची खोताची वाडी अग्रगण्य आहे.

सेमिनरीत अध्ययन करीत असताना आम्ही कित्येक रविवारी गिरगावात जात असू. रहदारीच्या रस्त्यावरून अरुंद बोळात वळावे, थोडी पावले चालावे, आणि मोटारींचा गोंगाट एकाएकी मागे पडून कोणाच्या तरी स्वयंपाकघरातील फोडणीचा आवाज कानी यावा, असा तेथला अनुभव असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नामक पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ते ईस्ट इंडियन कुटुंबांस विकले. त्यावरून वाडीस हे नाव पडले. एका हिंदू खोताच्या नावाने एक ख्रिस्ती वस्ती दोन शतकांहून अधिक काळ ओळखली जाते आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

तेथील जुनी घरे लाकडी बांधणीची, बुटकी, उतरत्या कौलारू छपरांची आहेत. पुढे पडवी, मागे परसू, आणि माडीवर जाण्याचा जिना घराच्या बाहेरून. हा बाहेरचा जिना पाहून नवखा मनुष्य चकित होतो. आम्हांस मात्र त्यात मोठे शहाणपण दिसले. मुलाचे लग्न झाले की तो माडीवर राहावयास जातो. सासूच्या स्वयंपाकघरातून न जाता सुनेस वर जाता येते, आणि तरीही सारे एकाच छपराखाली राहतात. पडवीचेही तसेच आहे. पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यास वाटेने जाणारा दिसतो आणि जाणाऱ्यास म्हातारा दिसतो. एखादे दिवशी म्हातारा दिसला नाही तर संध्याकाळपर्यंत चार माणसे चौकशी करून जातात. अशा वस्तीत चोर शिरत नाही आणि कोणी उपाशीही निजत नाही. कोण्या शिल्पशास्त्र्याने हा आराखडा काढून दिला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांनी एकमेकांचा वारा, उजेड व येण्याजाण्याची वाट सांभाळीत घरे बांधली, त्यातून तो आपोआप घडला.

मुंबईत अशा आणखीही जागा आहेत. माझगावातील माथारपाखाडी ही त्यांपैकी एक. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा १८६४ साली तेथेच जन्मले. आपल्या मुलांस शाळेत टिळकांचे नाव शिकविले जाते. काकांचे नाव त्यांच्या कानी पडत नाही. वस्तीच नाहीशी झाली तर नाव सांगावयासही ठिकाण उरत नाही.

खोताच्या वाडीत एके काळी अशी ६५ घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. ती कशाने गेली हे नीट समजून घेतले पाहिजे. नाही तर आपण सारा दोष बिल्डरांच्या माथी मारून मोकळे होऊ. पहिले कारण भाडे होय. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील घरांची भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठविली. हेतू चांगला होता. गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा. परंतु महिन्याला मूठभर रुपये भाडे मिळणारा मालक सागाची तुळई कोठून बदलणार? दुसरे कारण वारसांचे. आजोबांचे एक घर, त्याचे सात वारस, त्यांतील दोन परदेशी, एक रुसलेला. छप्पर गळू लागले म्हणजे दुरुस्तीस सात जणांची वर्गणी जमत नाही; विकावयास मात्र सातही सह्या जमतात. तिसरे कारण जमिनीचा भाव. जेथे बुटक्या घराच्या जागी वीस मजले चढविता येतात, तेथे घराची किंमत शून्य होते आणि त्याच्या खालच्या मातीची किंमत सोन्याची. शिवाय सरकारने जुन्या भाडेकरू इमारतींच्या पुनर्बांधणीकरिता जादा चटईक्षेत्र देऊ केले. त्यामुळे अनेक मोडक्या चाळींतील लोकांस पक्की घरे मिळाली, हे नाकारता येत नाही. तथापि त्याच नियमाने चांगल्या स्थितीतील घरांवरही कुदळ पडली.

यावर उपाय म्हणून मुंबईने १९९५ साली वारसा-जतनाचे नियम केले. हिंदुस्थानातील कोणत्याही शहराने असे नियम करण्याची ही पहिलीच वेळ होती. सहाशेहून अधिक इमारतींची व परिसरांची यादी होऊन त्यांच्या तीन श्रेणी पाडण्यात आल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूस जवळजवळ हातच लावावयाचा नाही. दुसरीत आतील फेरबदल व नवा उपयोग चालतो. तिसरीत बराच फेरबदल चालतो, मात्र तो आजूबाजूच्या वस्तीस शोभणारा असावा. एकेकटी इमारत न घेता सबंध गल्ली, सबंध वाडी हा एक घटक म्हणून यादीत घालता येतो, ही या नियमांतील महत्त्वाची गोष्ट. खोताची वाडी अशाच प्रकारे यादीत आली. यादीतील घर पाडावयाचे वा बदलावयाचे झाल्यास मालकाने महापालिका आयुक्तांकडे नकाशा द्यावा, आयुक्तांनी तो वारसा संवर्धन समितीपुढे ठेवावा, आणि वास्तुविशारद, इतिहासज्ञ आदी जाणत्यांनी तो पाहून सल्ला द्यावा, अशी रीत ठरली.

ही छाननी म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगावयास हवे. कारण समिती म्हटले की आपल्या लोकांस अडवणूकच आठवते. स्वयंपाकघर कोठे असावे, पलंग कोणत्या दिशेस ठेवावा, हे समिती विचारीत नाही. नवे घर शेजारच्या घरांहून किती उंच चढणार, त्याची वळचण शेजारच्या वळचणीच्या रेषेत राहील काय, पडवी ठेवणार की भिंत थेट वाटेवर आणणार, खिडक्या उभ्या राहतील की आडव्या काचांचा पडदा लावणार, शेजाऱ्याच्या माडीचा उजेड जाणार काय, असे ते प्रश्न असतात. थोडक्यात, घराच्या आत मालकाचे राज्य. घराची जी बाजू सर्वांस दिसते व सर्वांस भोगावी लागते, तिच्याविषयी सर्वांचे ऐकून घ्यावयाचे. आणि हे सारे भिंत पाडण्यापूर्वी, कारण पाडलेली भिंत कोणत्याही समितीस उभी करता येत नाही.

परंतु मालकाने नुकसान का सोसावे? प्रश्न रास्त आहे, आणि मुंबईच्या नियमांनी त्याचे उत्तर देण्याचा यत्न केला. वारशामुळे ज्यास आपल्या जागेवर पूर्ण बांधकाम करता येत नाही, त्याने तो न वापरलेला हक्क शहरात अन्यत्र बांधणाऱ्यास विकावा, अशी सोय झाली. कागदावर ही सोय उत्तम आहे. तरीही खोताच्या वाडीतील घरे कमी होत गेली. आमच्या मते त्याचे कारण असे की, यादी झाली पण थैली झाली नाही. नियमाने घर पाडण्यास मनाई केली. गळके छप्पर शिवावयास रोख पैसा, सुतार आणि लाकूड मात्र कोणी आणून दिले नाही. आजारी माणसास मरू नकोस असे बजावून वैद्याने निघून जावे, तसा हा प्रकार झाला. दुसरे असे की, छाननी करणारे दूरच्या कचेरीत आणि घर वाडीत. वाडीतील रहिवाशांनीच वेळोवेळी आरडाओरडा केला, अर्ज केले, आपली घरे पाहुण्यांस उघडून दाखविली, म्हणून जी उरली ती उरली.

लोकांस विश्वासात न घेता यादी केली म्हणजे काय होते, हे २०१२ साली दिसले. त्या वर्षी मुंबईच्या यादीत शेकडो नव्या वास्तू व परिसर घालण्याचे योजिले. त्यांत दादरच्या शिवाजी पार्कभोवतालची वस्तीही होती. तेथील रहिवासी सुशिक्षित, आपल्या वस्तीचा अभिमान बाळगणारे. तरीही त्यांतील अनेकांनी कडाडून विरोध केला. आमच्या मोडकळीस आलेल्या इमारतींचे काय, पुनर्बांधणीस दहा कचेऱ्यांचे उंबरे का झिजवावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांस अडाणी म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्याच्या डोक्यावर गिलावा पडतो त्यास आधी विचारावयास हवे होते.

याच्या उलट एक उदाहरण त्याच शहरात, फोर्टातील दादाभाई नवरोजी मार्गावर आहे. त्या रस्त्यावरील दगडी कमानी दुकानांच्या पाट्यांखाली गडप झाल्या होत्या. १९९८ च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांचे काही साधे नियम तयार केले. पाटी कमानीच्या आत बसावी, खांब झाकू नये, असे ते नियम. नियम करून त्या थांबल्या नाहीत. दुकानदारांस भेटून त्यांची मने वळविण्यात आली. पाटी लहान झाली तरी दुकान शोभिवंत दिसले तर गिऱ्हाईक वाढते, हे व्यापाऱ्यास कळावयास वेळ लागत नाही. रस्त्याचे रूप पालटले, आणि २००४ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. एवढे मोठे काम, पण त्याची सुरुवात पाटीपासून झाली, हे आपण लक्षात ठेवावे.

गोव्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पणजीच्या फोंतेन्यश वस्तीतील पिवळी, निळी, तांबडी घरे आपण चित्रांत पाहिली असतील. चुन्यात रंग कालवून पावसाळ्यानंतर भिंती नव्याने रंगविण्याची तेथली जुनी चाल. निव्वळ पांढरा रंग चर्च व चॅपेल यांकरिता राखलेला. ती वस्ती संरक्षित परिसर म्हणून नोंदलेली आहे आणि पुष्कळ अंशी टिकली आहे. पण टिकण्याचाही एक ताप असतो. आता प्रवाशांचे थवे लोकांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात. कंटाळून रहिवाशांस मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या. ज्या घरात आजीस तिच्याच ओट्यावर निवांत बसता येत नाही, ते वाचले असे कितपत म्हणावे? आमचे मत असे की, जतन करावयाचे ते राहणाऱ्यांकरिता. पाहणाऱ्यांचा विचार मागाहून.

ही कल्पना आपल्याकडेच निघाली असे नाही. अमेरिकेतील चार्ल्स्टन नगराने १९३१ सालीच आपल्या जुन्या भागाकरिता असा नियम करून नकाशे तपासणारे मंडळ नेमले होते. फ्रान्समध्ये १९६२ च्या कायद्याने लियोंसारख्या शहरांचे जुने भाग सबंधच्या सबंध संरक्षित झाले. आणि अगदी आपल्या शेजारी, जेथे आपले कित्येक तरुण कामधंद्यास जातात त्या गुजरातेत, अहमदाबादच्या महापालिकेने १९९६ साली वारशाकरिता स्वतंत्र विभाग उघडला. तेथील पोळी, म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेल्या गल्ल्या, सामायिक भिंतींच्या लाकडी घरांच्या आहेत; मध्ये पाखरांकरिता चबुतरा. २०१७ साली हे जुने शहर जागतिक वारसा ठरले. हिंदुस्थानातील हा मान मिळविणारे ते पहिले शहर होय.

आता कोणी म्हणेल, फादर, मुंबई-अहमदाबादच्या गोष्टी आम्हांस काय होत? आम्ही सातपुड्याच्या पायथ्याचे लोक. आमचे उत्तर असे की, वस्ती मोडणे म्हणजे काय हे मुंबईकरांहून आपणांस अधिक ठाऊक आहे. सरदार सरोवरामुळे आपल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली. त्या गावांतील माणसे तळोदा, शहादा भागांतील वसाहतींत आणून बसविली. डोंगरावर घर होते ते आपल्या शेताशी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या उताराने विखुरलेले. वसाहतीत ते ओळीने आले, चौकोनी प्लॉटवर. काहींना जमीन मिळाली, काहींना तिच्याकरिता वर्षानुवर्षे भांडावे लागले. पण ज्यांना सर्व काही मिळाले तेही सांगतात की, शेजार राहिला नाही. घर मोजता येते, प्लॉट मोजता येतो, म्हणून सरकार त्याची भरपाई देते. शेजार मोजता येत नाही. आम्ही जेव्हा जेव्हा या विषयावर विचार करतो तेव्हा खोताच्या वाडीतील पडवी आणि नर्मदाकाठची ती घरे एकत्रच आमच्या मनात येतात.

आणि आपले जिल्ह्याचे गाव काही कालपरवाचे नव्हे. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेहून नंदुरबारास आला होता, आणि येथील मराठ्यांच्या कलाकौशल्याची, वैद्यकाची व ज्योतिषाची त्याने नोंद केली आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार येथे होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले ते येथील माणिक चौकात. चौक आहे म्हणून आपण मुलांस बोट दाखवून सांगू शकतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून कचेऱ्या आल्या, कॉलन्या आल्या, जमिनीचा भाव चढला. आपल्या जिल्ह्यातील गावांच्या जुन्या पेठांतून हिंडताना सागवानी खांब, धाब्याची घरे, रस्त्याकडेचे ओटे अजून दिसतात; पण दोन घरांआड एक लोखंडी शटर आणि त्यावर काचांचा चकचकीत पडदा. आपल्या वैशाखात काचेच्या घरात माणूस भाजून निघतो आणि मग वीज जाळून त्यास थंड करावे लागते! धाब्याखाली आमच्या वाडवडिलांस पंखाही लागत नसे. हे आमचे म्हातारपणाचे रडगाणे समजू नका. पन्नाशी उलटली असली तरी आमचा सिमेंटशी दावा नाही. या सभागृहाचा स्लॅब सिमेंटचाच आहे.

कायद्याचे म्हणाल तर दार बंद नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यान्वये विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुशिल्पदृष्ट्या महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची योजना करता येते. नगरपरिषदांस लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही वारशाच्या जतनाची तरतूद आहे. मात्र मुंबईचा उपाय उचलून येथे लावल्यास तो पुरा पडणार नाही, असे आम्हांस वाटते. न वापरलेला बांधकामाचा हक्क विकावा म्हटले तर आपल्या लहान गावात तो विकत घेणार कोण? येथे भरपाई निराळ्या नाण्यात द्यावी लागेल. पडवी व ओटा राखणाऱ्यास घरपट्टीत सवलत द्यावी, अशी मागणी नगरपरिषदेकडे करता येईल. पाडलेल्या घरांची कौले, तुळया व खांब भंगारवाल्यास न देता एका जागी साठवून गरजूंस देता येतील. आणि जुन्या बांधणीचे सुतार अजून हयात आहेत तोवर त्यांच्या हाताखाली आपली दोन मुले ठेवता येतील. हे शेवटचे काम नगरपरिषदेकरिता थांबणारे नाही. ते याच वर्षी व्हावयास हवे.

आता आपल्या नकाशाकडे वळतो. चर्चच्या आवाराची पुढली बाजू जुन्या गल्लीस लागून आहे, आणि तेथे कौलारू पडवीचे जुने मिशनघर उभे आहे. ते पाडून त्या जागी तीन मजली इमारत बांधावी, खाली नऊ गाळे काढून भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातून मुलींच्या वसतिगृहाचा खर्च चालवावा, अशी बांधकाम समितीची योजना आहे. समितीतील मंडळी आपलीच आहेत, हिशेबात चोख आहेत, आणि वसतिगृहाची गरज खरी आहे. धडगाव भागातून येणाऱ्या मुलींस आज जागेअभावी परत पाठवावे लागते. ही गोष्ट कौलांहून लहान आहे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. जुने राखावयाचे म्हणून एक मुलगी शिक्षणावाचून राहिली, तर ती कौले आम्ही स्वतः उतरवू.

परंतु हे दोनच मार्ग आहेत काय? मिशनघराची पडवी गल्लीतील सर्वांच्या उपयोगाची आहे. पावसात बाजारकऱ्या बायका तेथे टेकतात. संध्याकाळी मुसलमान व हिंदू मुले आपल्या मुलांबरोबर तेथेच अभ्यास करीत बसतात. पोस्टमन सगळ्या गल्लीची पत्रे कित्येकदा तेथेच देऊन जातो. त्या जागी नऊ शटरे आली म्हणजे रात्री आठनंतर त्या बाजूस फक्त लोखंड राहील. गल्लीच्या दुसऱ्या टोकाची तीन घरे विकावयास निघाली आहेत, असे आम्ही ऐकतो. आपण तीन मजले चढविले तर त्यांस पाच चढवू नका असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

आम्ही दोन वास्तुविशारदांस नकाशा दाखविला. त्यांचे म्हणणे असे की, पुढील पडवी व पहिली खोली जशीच्या तशी ठेवून मागे, आवाराच्या बाजूस, दोन मजली वसतिगृह बसते. खांब व तुळया शाबूत आहेत; वाशांस वाळवी लागली आहे, ते बदलावे लागतील. गाळे मात्र नवाचे चार होतील. म्हणजे भाड्याचे उत्पन्न निम्म्याहून कमी होईल आणि दरसाल तूट येईल. ती भरून कशी काढावयाची, याचे पूर्ण उत्तर आज आमच्यापाशी नाही. सुवर्णमहोत्सवाच्या कमानी, रोषणाई व बँड यांकरिता धरलेली रक्कम पहिल्या वर्षाच्या तुटीस पुरते, एवढे आम्ही हिशेब करून पाहिले आहे. कमानींवाचून महोत्सव होत नाही असे ज्यांस वाटते त्यांनी तसे सभेत सांगावे. आम्ही ऐकून घेऊ.

आमची सूचना अशी आहे. नकाशा नगरपरिषदेकडे धाडण्यापूर्वी आपण तो गल्लीपुढे ठेवावा. गल्लीपुढे म्हणजे केवळ आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे नव्हे. त्या वाटेवर ज्यांची दारे उघडतात त्या सर्वांपुढे. कायद्याने आपणांवर तशी सक्ती नाही, म्हणूनच ते आपण करावे. प्रत्येक आळीतून एक असे पाच जण निवडावे, त्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात, कारण ओट्याचा उपयोग पुरुषांस कळत नाही. उंची, वळचण, पडवी, पाटी व उजेड, एवढ्या पाच गोष्टींपुरतेच त्यांनी मत द्यावे. मत लेखी द्यावे, कारणासहित द्यावे, आणि पंधरा दिवसांच्या आत द्यावे. लांबणीवर टाकणारी समिती नकार देणाऱ्या समितीहून वाईट. त्यांनी काही बदल सुचविल्यास तो आपण मान्य करावा. मग त्या तीन घरांच्या मालकांस आपण तोच कागद दाखवून विनंती करू शकू. ते ऐकतील याची हमी नाही. त्यांच्याही घरी वारस आहेत, लग्ने आहेत, कर्जे आहेत. त्यांचे नुकसान कसे कमी होईल याचा विचार आपणांसही त्यांच्याबरोबर बसून करावा लागेल.

दोन्ही नकाशांच्या मोठ्या प्रती शाळेच्या व्हरांड्यात लावल्या आहेत. समितीचा डावीकडे आणि दुसरा उजवीकडे. दोहोंखाली खर्चाचे आकडे लिहिले आहेत. ज्यांस वाचता येत नाही त्यांस धर्मशिक्षक रविवारी मिस्सेनंतर समजावून देतील. हरकत तोंडी सांगितली तरी ती वहीत उतरवून घेतली जाईल. सुतारकाम शिकण्यास तयार असलेल्या मुलांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावी. गल्लीची पहिली बैठक येत्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता मिशनघरापाशी भरेल. खुर्च्या मागविलेल्या नाहीत. पडवी आणि समोरचे ओटे मिळून सर्वांस पुरतील.